मदत हवी आहे: कॅम्पसची ऑफर घ्यावी की लोटे एमआयडीसीत शोधावं?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण रत्नागिरीत बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमध्ये तिची निवड झाली, पण काम आहे मुंबईत फोनवरून कर्जं विकायचं. वर दोन वर्षांचा बॉण्ड, आणि मूळ मार्कशीट कंपनीकडे जमा करायच्या. हे मार्कशीटचं मला अजिबात पटलेलं नाही. नोकरी देताय की पोरीला तारण ठेवताय? आई मात्र खूश, "हातचं सोडू नको" म्हणते. खोलीचं भाडं आणि लोकलचा पास जाऊन हातात काय उरणार, हे तिला कोण सांगणार!

बहिणीला लॅबमध्येच काम करायचंय. लोटे-परशुराम एमआयडीसीत केमिकल कंपन्या भरपूर, पण तिच्या कॉलेजात त्यातली एकही आली नाही. मग आपणच शोधायचं.

तिथे कोणी आहे का? फ्रेशर मुलींना क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, घेतात, की सगळं नाइट शिफ्टवर अडतं? गेटवर बायोडेटा देऊन कोणाला खरंच फोन आलाय का, की ओळखच लागते? केंद्राच्या नॅट्स पोर्टलवरून पदवीधरांना वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंडसकट. ती तिथे कोणी केली असेल तर पुढे कायम केलं का? आणि एचपीएलसीचा (नमुन्यातली रसायनं वेगळी करून मोजायच्या यंत्राचा) छोटा कोर्स आधी करून घ्यावा का, तेही सांगा. महाडचं काही माहीत असेल तर तेही चालेल.

राहायची अडचण नाही, चिपळूणला मावशी आहे. कॅम्पसवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय.