भाड्याच्या घरात स्वतःच्याच पार्किंगमध्ये गाडी, तरी १०० पौंडांचं तिकीट. का भरायचं?

रेडिंगकर
आमचा भाड्याचा फ्लॅट इंग्लंडमधल्या रेडिंग स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेनन्सी ॲग्रीमेंटच्या पहिल्याच पानावर फ्लॅटचा नंबर आहे आणि त्याला लागूनच 'नेमून दिलेल्या पार्किंगच्या जागेसह' असं लिहिलंय. परमिट, पार्किंग कंपनी, दंड यांबद्दल शेवटच्या पानापर्यंत एक अक्षर नाही. आम्ही राहायला आल्यानंतर काही महिन्यांनी मॅनेजिंग एजंटने (इमारतीची व्यवस्था बघणाऱ्याने) एक पार्किंग कंपनी नेमली. खांबांवर पिवळे बोर्ड लागले आणि लेटरबॉक्समध्ये कागदी परमिट येऊन पडलं. ते मी डॅशबोर्डवर ठेवतो. एका रात्री ते घसरून काचेच्या फटीत गेलं, बाहेरून फक्त वरची कड दिसत होती. सकाळी वायपरखाली पाकीट: १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०.

एजंट म्हणतो कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, बोर्ड लावलेला असताना गाडी लावलीत, म्हणजे आमच्या अटी मान्य केल्यात.

माझं म्हणणं असं. ही कंपनी म्हणजे कौन्सिल नव्हे, पोलीसही नव्हेत. तिचा सगळा दावा कराराचा आहे: बोर्ड ही तिची ऑफर आणि गाडी लावणं हा माझा होकार. पण ती जागा घरमालकाने मला भाड्यातच दिलेली आहे. जे माझं आहेच, ते मलाच देऊ करून ही कंपनी माझ्याशी कसला करार करणार? मी पैसे भरणार नाही, आणि माझ्यासारख्या परिस्थितीतल्या कुणीच भरू नयेत असं मला वाटतं. विरोधी मतंही येऊ द्या.

हॅरोवाली
भरून टाका हो ६० पौंड. तत्त्व तुमचं बरोबर असेलही, पण आपण इथे व्हिसावर राहणारी माणसं. उद्या घर घ्यायला जाल आणि नावावर सीसीजे (पैसे भरण्याचा काउंटी कोर्टाचा निकाल) निघाला तर कोण मॉर्गेज देणार? सहा वर्षं राहतो तो रेकॉर्डवर. नागरिकत्वाच्या अर्जातसुद्धा दिवाणी कोर्टाच्या निकालांबद्दल विचारतात. साठ पौंडांसाठी एवढी जोखीम घ्यायची माझी तरी तयारी नाही.

मँचेस्टरवासी
@हॅरोवाली, तिकीट आलं म्हणून सीसीजे होत नाही. कंपनीने कोर्टात दावा लावावा लागतो, तुम्ही हरावं लागतं, आणि हरल्यावरही महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर नोंद काढून टाकतात.

खरा धोका दुसरीकडेच आहे आणि तो भाडेकरूंनाच सगळ्यात जास्त. आपण वर्ष-दोन वर्षांनी घर बदलतो आणि गाडीच्या व्ही-फाइव्ह-सी वर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, जुनाच पत्ता राहतो. कंपनी डीव्हीएलएला (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला) अडीच पौंड देऊन कीपरचा, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचा, पत्ता मिळवते. तो जुना असला की स्मरणपत्रं, कोर्टाचे कागद, सगळं जुन्या दारात पडतं. नवा भाडेकरू उचलून रिसायकलिंगमध्ये टाकतो. उत्तर न गेल्यामुळे निकाल एकतर्फी लागतो, आणि आपल्याला कळतं ते बँकेने कर्ज नाकारल्यावर. मग तो निकाल रद्द करून घ्यायला अर्जाचेच सुमारे ३०० पौंड. लढायचं असो वा नसो, आधी डीव्हीएलएकडे पत्ता बदला. घर सोडलं असेल तर कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा.

केनेटकाठ
मी विरोधी बाजूने लिहितो. मी आमच्या ब्लॉकच्या रेसिडेंट्स मॅनेजमेंट कंपनीचा (इमारत सांभाळणाऱ्या रहिवाशांच्या कंपनीचा) डायरेक्टर आहे, पगार शून्य, आणि पार्किंग कंपनी आणायच्या ठरावाला मी हात वर केला होता.

कारण सांगतो. आमचा ब्लॉकही स्टेशनजवळच. सकाळी सात वाजता लंडनला जाणारे लोक आमच्या बेमध्ये (नेमून दिलेल्या पार्किंगच्या जागांमध्ये) गाड्या लावून ट्रेन पकडायचे, त्या संध्याकाळपर्यंत तिथेच. रात्रपाळी करून आलेली एक नर्स स्वतःच्या बेमध्ये कुणाची तरी गाडी बघून रस्तोरस्ती जागा शोधत फिरायची. कौन्सिलचे वॉर्डन खाजगी जागेत येत नाहीत. पोलीस म्हणतात, दिवाणी मामला आहे. पूर्वी चाकाला क्लॅम्प लावायचे, तो इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेवर २०१२ पासून बंद. मग आमच्या हातात राहिलं काय? पार्किंग कंपनी आमच्याकडून एक पेनी घेत नाही, सर्व्हिस चार्ज वाढत नाही, आणि दोन आठवड्यांत बे मोकळे झाले.

आता कायद्याचं. घरमालकाच्या लीजमध्ये (ज्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने फ्लॅट त्याच्याकडे आहे त्यात) बहुतेक वेळा असं कलम असतं की इस्टेटच्या व्यवस्थेसाठी मॅनेजमेंट कंपनी वाजवी नियम करू शकते. ते त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याच्याकडे आहे त्याहून जास्त हक्क तो तुम्हाला कुठून देणार? शिवाय १०० पौंड जास्त आहेत असं म्हणणाऱ्यांनी २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा 'पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस' निकाल वाचावा. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली. ८५ पौंडांची आकारणी कोर्टाने कायम ठेवली.

परमिट नीट दिसेल असं लावायला किती कष्ट पडतात?

कायद्याचा_कीस
केनेटकाठ, तुमची अडचण खरी आहे. पण बीव्हिस इथे चालत नाही. त्या माणसाचा त्या रिटेल पार्कवर स्वतःचा काहीच हक्क नव्हता. बोर्डाने दिलेली परवानगी एवढीच त्याची शिदोरी. आणि कोर्टाने आकारणी टिकवली ती जागा सतत मोकळ्या होत राहण्यात जमीनमालकाचा रास्त हितसंबंध आहे म्हणून. रेडिंगकरांच्या बेमधून रेडिंगकरांनाच हुसकण्यात कुणाचा रास्त हितसंबंध आहे?

घरांच्या पार्किंगबद्दल बघायचा तर २०१६ चा ऑक्सफर्ड काउंटी कोर्टाचा अपिलातला निकाल बघा. तिथे राहणाऱ्या बाईंनी टेबल वर न्यायला इमारतीच्या दाराशी गाडी थांबवली आणि तिकीट आलं. न्यायाधीशांनी सांगितलं, सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, आणि लीजने दिलेला ये-जा करण्याचा हक्क नंतर आलेल्या कंपनीला बोर्ड लावून बदलता येत नाही.

लीज बदलायचीच असेल तर रस्ता आहे: १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ३७. नऊ किंवा जास्त लीज असतील तर ७५ टक्के संमती, १० टक्क्यांहून जास्त विरोध नको, आणि शिक्कामोर्तब ट्रायब्युनलचं. डायरेक्टरांच्या बैठकीतल्या ठरावाने ते होत नाही.

केनेटकाठ
ऑक्सफर्डचा निकाल दाराशी थांबण्याचा आहे, बेमध्ये परमिटशिवाय गाडी ठेवण्याचा नाही. काउंटी कोर्टाचा निकाल दुसऱ्या न्यायाधीशावर बंधनकारकही नाही. आणि आम्ही लीज बदलत नाही, लीजमधलंच नियमांचं कलम वापरतोय.

कायद्याचा_कीस
बंधनकारक नाही, मान्य. पण नियम करणं वेगळं आणि नियम मोडला म्हणून तिसऱ्याच कंपनीला १०० पौंड द्यायला लावणं वेगळं. 'परमिट दिसेल असं ठेवा' हा नियम झाला. पैशांची तरतूद त्या कलमात असेल तर दाखवा.

ब्रिस्टलची_ताई
मला एक कळत नाही. बाहेरच्यांना आवरायला कंपनी आणली म्हणता, मग तिकिटं कुणाला मिळतात? आमच्याकडे बाहेरचे लोक बोर्ड बघून महिनाभरात येईनासे झाले. त्यानंतर उरलो आम्हीच. पार्किंगवाला रात्री अकराला टॉर्च मारत फिरतो आणि परमिट उलटं पडलं, कोपरा दुमडला, काचेवर दव आलं की फोटो. ब्लॉककडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर कंपनीला पगार काढायचा तो तिकिटांतूनच. मला राग आहे तो या व्यवस्थेचा. बाळाला अंगावर घेऊन पिशव्या उतरवताना मी परमिट सरळ आहे का ते बघत बसू?

हॅरोवाली
हे मात्र पटलं. पण रेडिंगकरांनी पुढे नेमकं करायचं काय? आणि गाडी कोण चालवत होतं ते कंपनीला सांगायचं नाही, असं सगळे सांगतात. ते मला खोटेपणाचं वाटतं.

मँचेस्टरवासी
खोटं बोलायचं नाहीच. न सांगण्याचा मात्र हक्क आहे. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या चौथ्या परिशिष्टानुसार चालक माहीत नसेल तर कंपनी कीपरकडे वळू शकते, पण मुदती पाळून. काचेवर तिकीट लावलं असेल तर कीपरची नोटीस २८ दिवसांनंतर आणि ५६ दिवसांच्या आत पोचली पाहिजे. ती चुकली तर कीपरवरची जबाबदारी जाते. (हे इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडवाल्यांनी हे आपल्याला लावून घेऊ नये.)

करायचं काय: तिकीट रद्द करा असं एजंट आणि घरमालक दोघांनाही लेखी कळवा. कंपनीला त्यांनीच आणलंय, त्यांचा एक ईमेल पुरतो. तोवर कंपनीकडे अपील. फेटाळलं तर ती पार्किंग कंपन्यांच्या ज्या संघटनेची सभासद असेल तिच्या अपील योजनेत: बीपीए या संघटनेची असेल तर पॉपला, आयपीसी या संघटनेची असेल तर आयएएस. दोन्हीचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसतो. नंतर वसुलीवाल्यांची लाल अक्षरांतली पत्रं येतील, रकमेत ७० पौंडांपर्यंत भर घालून. ते बेलिफ (कोर्टाचे जप्तीवाले) नाहीत, दारात येऊन काही उचलू शकत नाहीत. पण 'लेटर ऑफ क्लेम' (दावा लावण्याआधीचं पत्र) आलं की ३० दिवसांत उत्तर द्यायचंच, आणि कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर त्यावरची मुदत बघून लगेच. गप्प बसून कुणी जिंकत नाही.

रेडिंगकर
चालक मीच होतो हे मी लपवणार नाही. मला मुदतीच्या चुकीवर सुटायचं नाही, करारावर लढायचंय. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, हरलो तरी समोरच्या वकिलाचं मोठं बिल माझ्यावर येत नाही. मूळ रक्कम, कोर्ट फी आणि थोडा ठरलेला खर्च, एवढी माझी तयारी आहे.

केनेटकाठ, तुमच्या नर्सबाईंना जागा मिळायलाच हवी. पण त्यासाठी गाड्यांच्या नंबरांची यादी कंपनीला द्या. आमच्या बेला कोणती गाडी नेमलेली आहे हे एजंटच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. कागद दिसला नाही म्हणून त्याच गाडीला तिकीट लावण्यात बाहेरचा माणूस कुठे अडला?

केनेटकाठ
यादीचा मुद्दा चांगला आहे, पुढच्या बैठकीत मांडतो. तिकिटाबद्दल मत बदललेलं नाही. लँड रजिस्ट्रीतून (जमीन-मालमत्तेच्या सरकारी नोंदणी कार्यालयातून) घरमालकाच्या लीजची प्रत काही पौंडांत मिळते, ती आधी काढा. त्यात परमिट लावण्याची आणि न लावल्यास पैसे भरण्याची अट निघाली तर भराल का?

रेडिंगकर
प्रत मागवतोय. तशी अट निघाली तर प्रश्न माझा आणि घरमालकाचा होईल. अटीसह मिळालेली जागा त्याने मला बिनअटीची म्हणून भाड्याने दिली, असा त्याचा अर्थ. मग ते १०० पौंड मी कंपनीला भरीन आणि त्याच दिवशी घरमालकाकडे लेखी मागीन.