वर्षाला एक प्रांत बघायचा ठरवलंय, सुरुवात कुठून करू?

वैशाली_ठाणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय.

गेल्या वर्षी आम्ही एका टूर कंपनीबरोबर राजस्थान केलं, ८ दिवसांत ६ शहरं, रोज सकाळी सहाला बॅगा बाहेर, किल्ला, राजवाडा, दुकान, जेवण, बस. परत आल्यावर लेकाला (१२ वर्षं) शाळेत प्रवासवर्णन लिहायला सांगितलं तर त्याने सगळं पान एकाच गोष्टीवर लिहिलं. जोधपूरच्या अलीकडे बस तासभर बंद पडली होती, तिथल्या चहाच्या टपरीवर एक आजोबा बसले होते, त्यांनी डोक्यावरचा साफा सोडला, एक टोक याच्या हातात दिलं आणि चालत चालत पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, मग परत येत येत याच्या डोक्याला बांधला. तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं. किल्ल्यांची नावं एक नाही आठवली. ते पान वाचून मला खरंच भरून आलं, आणि थोडं वाईटही वाटलं की एवढे पैसे खर्च करून आपण त्याला बसची खिडकी दाखवून आणली.

तर आता ठरवलंय की वर्षाला एकच प्रांत, ८ ते १० दिवस, मुक्काम फार तर दोन ठिकाणी. बरोबर सासूबाई असतात, वय ६८, चालतात छान पण जिने नको वाटतात, कीर्तन-नाटक-भजनाची प्रचंड आवड. बजेट मध्यम, ट्रेनने जायला आवडतं.

कुठून सुरुवात करू आणि कुठल्या महिन्यात? आणि अजून एक, तिथल्या माणसांना भेटायचं म्हणजे नेमकं काय करायचं? उगीच कुणाच्या दारात जाऊन फोटो काढत उभं राहायला मला नाही आवडत.

---

वैनगंगेकाठचा

ताई, आधी झाडीपट्टीत या. देश बघायचा म्हणून लोक थेट दुसऱ्या राज्यात जातात पण ठाण्याच्या माणसाला भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा दुसऱ्या राज्याइतकाच नवा असतो, आणि भाषा कळत असल्यामुळे तुमच्या लेकाला पहिल्या दिवसापासून बोलता येईल. थोडा कान लागायला वेळ लागेल म्हणा, कारण आमच्या झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत, पाणीचं पानी आणि डोळ्याचा डोरा. मी शिकायला नागपूरला गेलो तेव्हा याच्यावरून हसायचे मुलं, आता वाटते की तेव्हाच छाती पुढे काढून बोलायला पाहिजे होतं.

सासूबाईंना नाटकाची आवड आहे म्हणता, मग तर दुसरीकडे बघूच नका. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई सुरू होते, मंडई म्हणजे भाजीबाजार नाही, आमची जत्रा. धान कापून घरात यायला लागलेला असते, हातात चार पैसे असतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सोयरिकी पण तिथंच जमतात. आणि मंडईच्या रात्री गावात नाटक असतेच. कुठं दंडार, कुठं खडी गंमत असे आमचे लोकनाट्याचे प्रकार पण असतात. हा हंगाम जवळजवळ होळीपर्यंत चालते. नाटक रात्री साडेनऊ दहाला उभं राहते आणि पहाटेपर्यंत चालते, तीन अंकी, मध्ये लावण्या, विनोदी पात्र, ऑर्गन-तबला-ऑक्टोपॅड सगळं स्टेजच्या बाजूला जिवंत वाजते. दोन-तीन हजार माणूस शामियान्यात खाली बसून बघते, तान्ही पोरं मांडीवर झोपलेली, म्हातारे पुढच्या रांगेत. वडसा (देसाईगंज) हे याचं केंद्र, तिथं नाटक कंपन्यांच्या ऑफिसांची रांगच आहे, गावचे पोरं येऊन तारीख बुक करतात. दिवसा गेलात तर ऑफिसबाहेर बोर्ड दिसतील, सरळ विचारायचं की आज तुमचं नाटक कोणत्या गावात आहे, ते सांगतात आणि वरून आनंदाने या म्हणतात. आमचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी, त्या दिवशी आमच्या गावात घरचं कार्य असल्यासारखं वातावरण होतं.

दुसरं म्हणजे तलाव. आमच्याकडच्या तलावांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, सरकारी कागदात त्याचंच मामा तलाव झालं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे खोदले आणि बांधले, उतार बघून पाळ (मातीचा बांध) घातली, वरचा तलाव भरला की पाणी खालच्या तलावात, तिथून शेतात. नवेगावबांधचा तलाव बघा, तो कोलू पाटील कोहळीने बांधला असं लोक सांगतात. पाळीवर उभे राहिले की तिन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये पाणी, थंडीत पाहुणे पक्षी. पण नुसते पक्षी बघून जाऊ नका, सकाळी साडेसहाला ढिवर लोक (आमच्याकडचे मासेमार) जाळे ओढतात तेव्हा काठावर जाऊन बसा. काही गावांत त्यांच्या बायांनी बेशरम नावाचं माजलेलं तण उपटून तलावात देशी पाणवनस्पती परत लावल्या आहेत म्हणजे मासोळीला अंडी घालायला जागा व्हावी, त्या तुमच्या लेकाला एकेका वनस्पतीचं नाव सांगतील. हे मी ऐकीव नाही सांगत, माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो तर त्याने अकरा नावं लिहून आणली.

वेळ उरला तर वैनगंगेच्या काठी मार्कंडाची जुनी देवळं, आणि धानोरा तालुक्यात लेखा-मेंढा. या गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. तिथं मात्र आधी कळवून, ग्रामसभेला विचारून जा, पर्यटनस्थळ नाही ते.

यायचं कसं: महाराष्ट्र एक्स्प्रेस कल्याणला मिळत नाही पण विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि थेट गोंदियाला आणते, तिथून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरली की वडसा.

---

कावेरीकाठची

वैशाली, झाडीपट्टीबद्दल वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं. पण यादीत दुसरं नाव तंजावरचं लिहून ठेव.

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन चेन्नईत आले, सासरचे तंजावर मराठी. व्यंकोजीराजांबरोबर (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) आणि त्यांच्यामागून जी घरं तिकडे गेली त्यातलं एक. पहिल्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या "अस्के जेवले का?" आणि मी नुसती बघत राहिले, अस्के म्हणजे सगळे. घरात साडेतीनशे वर्षांच्या आसपास मराठी टिकलीय पण त्यांना देवनागरी वाचता येत नाही, मराठी अभंगाची वही तमिळ लिपीत लिहिलेली. ती वही मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला एक अक्षर कळेना, आणि त्यांनी म्हणून दाखवलं तर तुकोबांचा अभंग. तो क्षण मी अजून विसरले नाहीये.

बृहदीश्वराचं देऊळ सगळे बघतात, चोळांनी १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं, विमानाची (गाभाऱ्यावरच्या शिखराची) उंची २०० फुटांच्या वर. पण गाइड घाईत असतो आणि आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीकडे नेतच नाही. तिथं सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, देवनागरीत, ओळीच्या ओळी. लेकाला तिथं बसव आणि वाचू दे. अक्षरं थोडी वेगळी वळणाची आहेत पण बारा वर्षांचा मुलगा बोट ठेवून शब्द लावू शकतो, माझ्या मुलीने लावलेत. मग सरस्वती महाल ग्रंथालय, तिथं मोडीचे कागद आहेत.

तुला माणसं भेटायची आहेत ना, तर कुंभकोणमजवळ स्वामिमलईला जा, ब्राँझच्या मूर्ती ओततात तिथं. तिथले कारागीर मूर्तीचं माप फूटपट्टीने घेत नाहीत, नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिला घड्या घालतात, त्या घड्यांवरून तोंड केवढं, धड केवढं, हात कुठे हे ठरतं. आधी मेणाची मूर्ती, मग तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, तो वाळला की तापवून मेण बाहेर आणि धातू आत. गाळ कावेरीचाच लागतो कारण तो इतका बारीक असतो की मेणावर ओढलेली बारीक रेघसुद्धा उमटते. आम्ही सकाळी दहाला गेलो ते चारला उठलो, कुणी चला म्हटलं नाही, वर दोनदा कॉफी पाजली.

फक्त एक, दिवाळीत येऊ नका, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमीचा पाऊस असतो आणि सगळा डेल्टा पाण्यात. जानेवारीत या. त्याच सुमारास पौष वद्य पंचमीला तंजावरजवळ तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची आराधना (पुण्यतिथीचा उत्सव) असते, शेकडो गायक काठावर बसून एकत्र त्यांच्या पाच पंचरत्न कृती गातात. तुझ्या सासूबाईंना भाषा कळायची गरजच पडणार नाही. आणि गोविंदपुरमला विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे, तिथं त्यांना भाषाही कळेल.

---

भुजवाले_काका

मी १९ वर्षं नोकरीनिमित्त कच्छमध्ये काढली म्हणून माझं मत थोडं वेगळं. वरच्या दोन्ही सूचना उत्तम पण दोन्हीकडे मराठीचा धागा आहे. मुलाला एकदा तरी अशा ठिकाणी न्या जिथं आपलं काहीच नाही, तिथं तो जास्त लक्ष देऊन बघेल. तुमच्या साफ्याच्या आजोबांची भाषा त्याला कुठे येत होती?

भुजजवळ अजरखपूर म्हणून गाव आहे. अजरख म्हणजे नैसर्गिक रंगांत ठशांनी छापलेलं कापड, ते छापणारे खत्री आधी धमडक्याला होते, २००१ च्या भूकंपानंतर तिथलं पाणी बदललं, लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, मग त्यांनी पाणी तपासून नवीन जागा शोधली आणि गावच नवीन वसवलं. काळा रंग कसा करतात ते बघा, भंगाराचं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवतात, पिंपावर पिवळसर फेस येतो, वास असा की मूल नाक धरेल पण हलणार नाही. हिरडा, चुना, गोंद, नीळ, प्रत्येक पायरीनंतर धुणं आणि वाळवणं, एका कापडाला आठवडे जातात. आणि तिथून वर बन्नीच्या गवताळ भागात मालधारी म्हणजे गुरं पाळणारे लोक, त्यांच्या म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे आपल्या आपण घरी येतात. मी नवीन असताना हे खोटं वाटायचं, मग एका घरी मुक्कामाला राहिलो आणि पहाटे घंटांचा आवाज ऐकत अंगणात उभा राहिलो.

माणसांना भेटायचं कसं विचारलंत. माझा अनुभव सांगतो, ज्याचं काम चाललंय तिथं शांत बसायचं, काम बघायचं, विचारलं तर बोलायचं. कॅमेरा पहिल्या दिवशी पिशवीतच ठेवायचा. आणि वस्तू घ्यायची तर बनवणाऱ्याकडून घ्यायची, भावात घासाघीस करायची नाही. डिसेंबर-जानेवारी बरे, फक्त रणोत्सवाच्या गर्दीपासून लांब राहा.

---

मनीषा_पी

सगळं छान आहे पण ६८ वर्षांच्या बाईला रात्रभर जमिनीवर बसवायचं? माझ्या आईला घेऊन एकदा असाच रात्रीचा कार्यक्रम केला होता, पाठ धरली आणि पुढचे तीन दिवस ती खोलीतच. बाथरूमची सोय, औषधं, झोप याचा आधी विचार करा प्लीज, नाहीतर त्यांची ट्रिप वाया जाते आणि त्या बोलूनही दाखवत नाहीत.

---

वैशाली_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी जेवणाच्या टेबलावर तिन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. लेकाला म्हशी हव्यात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि मग भांडी आवरताना म्हणाल्या की लहानपणी त्यांच्या गावात जत्रेला तमाशा यायचा आणि बायकांना जाऊ द्यायचे नाहीत, त्या भावाच्या पाठीमागून कुंपणाच्या फटीतून बघायच्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी (आणि नवऱ्याने पण) पहिल्यांदा ऐकली. त्यामुळे पहिलं वर्ष झाडीपट्टी, ठरलं. पुढच्या जानेवारीत तंजावर, त्याच्या पुढच्या वर्षी म्हशी.

मनीषाताई, तुमचं म्हणणं अगदी पटलं. दादा, यावर काही उपाय आहे का? आणि बायका खरंच आरामात बसतात ना नाटकाला?

---

वैनगंगेकाठचा

ताई, अर्धा शामियाना बायांचाच असतो, पुढच्या जागेसाठी त्याच आधी येऊन सतरंज्या टाकून ठेवतात. आईंना सांगा, फट शोधायची गरज नाही.

पाठीचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी खुर्चीचं तिकीट वेगळं मिळते, तेच घ्या. दुपारी झोप काढून या, गाडी जवळ लावा, दुसऱ्या अंकानंतर उठून गेले तरी कोणी वाईट मानत नाही. मुक्काम वडसा किंवा ब्रह्मपुरीला करा, दोन्हीकडे साधे पण स्वच्छ लॉज आहेत, दवाखाने आहेत. दोन रात्रींच्या मध्ये एक रात्र मोकळी ठेवा आणि त्या दिवशी नवेगावबांध.

शामियाना बाजूंनी बंद पण थंडी खालून येते, पहाटे तीननंतर तर दातावर दात वाजतात. शाल पुरत नाही, घोंगडी आणा, आणि आईंच्या पायात लोकरीचे मोजे. मी दिवाळीला गावालाच असतो, तारीख ठरली की इथं लिहा, त्या आठवड्यात कोणतं नाटक कुठं लागलं आहे ते वडशाहून विचारून सांगतो.