एमजीबीचा काळा रबरी बंपर उतरवून क्रोमचा लावला तर पाप लागेल का?

ऑक्सफर्डकर
गाडी १९७७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. रंग सँडग्लो, म्हणजे चहात बुडवून काढलेल्या मारी बिस्किटाचा. जिथे बनली ते अ‍ॅबिंग्डन माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. तिथला कारखाना १९८० मध्येच बंद झाला.

भांडण नाकावरून आहे. १९६२ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिला क्रोमची जाळी होती आणि खाली मिशीसारखा नाजूक क्रोमचा बंपर. पुढे अमेरिकेने नियम काढला: ताशी ५ मैलांनी ठोकली तरी दिव्यांना इजा नको, आणि बंपर ठरावीक उंचीवरच हवा. गाड्या खपायच्या मुख्यतः तिकडे, आणि नवी गाडी घडवायला कंपनीकडे पैसा नव्हता. मग १९७४ च्या उत्तरार्धात पोलादी पट्टीवर काळं पॉलियुरेथेन चढवून हे थोबाड बसवलं आणि अख्खी गाडी इंचभर उचलली. दोन तऱ्हांच्या गाड्या काढणं परवडेना, म्हणून इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातही तीच.

हा बंपर कुणी हौसेने रेखाटलेला नाही, कायद्याच्या धाकाने लावलाय. तो धाक माझ्या गाडीला लागू नाही. तेव्हा क्रोमचा बंपर, इंचभर खाली, तारांची चाकं आणि ब्रिटिश रेसिंग ग्रीन, म्हणजे गडद हिरवा रंग, असा बेत आहे. क्लबातले आजोबा ऐकूनच तोंड वाकडं करतात. तुम्ही बोला.

जुनं_ते_जुनं
आजोबांच्या बाजूने माझं एक मत. १९७७ ची गाडी १९६७ ची असल्याचं सोंग का आणते आहे? नंबरच्या शेवटी ‘आर’ असेल ना? ते अक्षर नोंदणीचं वर्ष सांगतं. जाणकार माणूस अक्षर वाचतो, मग बंपर बघतो, आणि मनात म्हणतो, केस काळे केलेत. आता नंबरची काळी-चंदेरी पाटीही लावणार असाल. १९८० च्या आधीच्या ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला ती चालते, पण १९७३ पासून नव्या गाड्यांना पांढरी-पिवळीच सक्तीची होती. तुमच्या गाडीने जन्मात काळी पाटी पाहिलेली नाही.

ऑक्सफर्डकर
पाटी मागवून ठेवली आहे. 🙈

पत्रेवाला
पाप-पुण्य राहू द्या, पत्र्याचं बोला. लोकांना वाटतं चार बोल्ट काढले, चार लावले, झालं. तसं नाही. तुमच्या गाडीचे पुढचे इंडिकेटर त्या रबरातच आहेत. क्रोमवाल्या गाडीत ते जाळीच्या दोन्ही बाजूंना मडगार्डवर असतात. म्हणजे पुढची मडगार्डं तरी बदला, नाहीतर कापून तुकडे जोडा. बंपरखालचा पत्रा तुमच्या गाडीला नाहीच, तो नवा. जाळी नवी. मागच्या कोपऱ्यांतही कापाकापी. एकदा कात्री लावली की परतीची वाट बंद.

रंगाचंही तसंच. बाहेरून हिरवी आणि बॉनेट उघडलं की आत मारी बिस्किट, असं करू नका. दारांच्या कडा, डिकी, इंजिनाचा खण सगळं उघडं करून रंगवायचं असेल तरच हात घाला. आणि विमा कंपनीला आधी कळवा.

मिशिगनची_माई
आमच्याकडे अशीच एक आहे आणि तिचा बंपर आहे तिथेच राहणार. ‘कायद्याने लादलं म्हणून खोटं’ हे मला पटतच नाही. वाड्याच्या दारावर विजेचा मीटर आला तो वाडा बांधणाऱ्याने कुठे रेखाटला होता?

शिवाय उलट बाजूने बघा. हा बंपर नसता तर अमेरिकेत गाडी विकताच आली नसती. गिऱ्हाईक इथलं होतं, तेव्हा तुमचं अ‍ॅबिंग्डन १९७४-७५ लाच बसलं असतं आणि तुमची १९७७ ची गाडी जन्मलीच नसती. ज्याच्यामुळे ती जगात आली त्यालाच तुम्ही नाक कापून घालवताय.

ऑक्सफर्डकर
माई, हा मुद्दा लागला. पण ‘उपयोगी होता’ म्हणजे ‘देखणा आहे’ नव्हे. आणि इंचभर उचलल्याने नुसतं रूप नाही गेलं, चालही गेली. सुरुवातीच्या रबरी बंपरवाल्या उघड्या गाड्यांना तर पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) नव्हता. वळणावर होडीसारख्या कलायच्या. १९७६ मध्ये तो पुढे-मागे दोन्हीकडे दिला तेव्हा कुठे सावरल्या.

माटुंग्याचा_मेकॅनिक
आपल्याकडे हा वाद सुरूच होत नाही हो. मामांच्या मार्क टू अँबॅसिडरला मार्क फोरची जाळी बसली तेव्हा सोसायटीत पेढे वाटले होते. (तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या १७९८ सीसीच्याच घराण्यातलं, दोन्ही बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बी-सिरीज. म्हणजे ही आपली मावसबहीणच.) गाडी घरच्यांची, नटवायची घरच्यांनी. माझं मत क्रोमला.

जुनं_ते_जुनं
मामांनी जुन्या गाडीला नवी जाळी लावली, म्हणजे काळाबरोबर पुढे गेले. इथे उलटं चाललंय. आणि क्रोमवाल्या हव्या तेवढ्या मिळतात, १९६२ ते ७४ त्याच निघत होत्या. एक विकत घ्या. उद्या धड अंगाची रबरी बंपरवाली मूळ गाडी शोधायला निघाल तर सगळ्यांची नाकं तुमच्यासारख्यांनी कापलेली सापडतील. हिरव्या रंगाबद्दल बोलतच नाही. तो इंग्रजांच्या शर्यतीच्या गाड्यांना चिकटला १९०३ मध्ये, शर्यत आयर्लंडमध्ये झाली म्हणून. आता मेळाव्यात त्या रंगाच्या दहा गाड्या ओळीने उभ्या असतात. सँडग्लो कितीशा दिसतात?

टवाळ_टायर
कारखानदारांनीच १९९३ मध्ये हिचं अंग फुगवून, बंपर अंगाच्याच रंगात रंगवून आरव्ही८ काढली. सुमारे २००० गाड्या, त्यातल्या बहुतेक जपान्यांनी नेल्या. तेव्हा ‘मूळ रूप’ कुठे चरायला गेलं होतं?

पत्रेवाला
ती नव्या पत्र्याची नवी गाडी होती टायरराव, कुणाची कापलेली नव्हे. ऑक्सफर्डकर, सुवर्णमध्य सांगतो. आधी नुसती खाली आणा: पुढे बुटक्या स्प्रिंगा, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये इंचाचे ठोकळे. शनिवार-रविवारचं काम, आणि नको वाटलं तर परत वर. निम्मी कुरूपता त्या उंचीतच आहे, बंपरात नाही. पण जॅक लावाल तेव्हा एक करा. मागचं चाक उचललं की दार उघडून-मिटून बघा. फट आवळली किंवा दार अडकलं तर मला सांगा.

ऑक्सफर्डकर
तीन आठवड्यांनी परत आलोय. जॅक लावला. डावं दार मिटलं ते उघडेचना. दाराखालची सिल टोचून बघितली तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. आधीच्या कुणीतरी लांबी (पुटी) भरून वर छान रंग मारून ठेवला होता. हिला वेगळी चेसिस नाही, टपही नाही, सगळा भार सिलवरच. म्हणजे दोन्ही बाजू कापून नव्याने वेल्डिंग. क्रोमचे पैसे तिकडे गेले. बंपर आहे तिथेच आहे.

जुनं_ते_जुनं
वाईट वाटलं, मनापासून. आणि ती काळी पाटी?

ऑक्सफर्डकर
ती लावली.