मयंक यादवला घाईने खेळवलं का?

इनस्विंग_वेडा: खोटं कशाला बोलू, ३० मार्च २०२४ ला आयपीएलमधे, लखनौला पंजाबविरुद्ध, या फास्ट बॉलर पोराने ताशी १५५.८ किमीचा बॉल टाकला तेव्हा मी पण सोफ्यावरून उठलो होतो. पुढची मॅच बंगळुरूला, १४ रनमधे ३ विकेट, एक बॉल १५६.७ चा, दोन्ही मॅचला मॅन ऑफ द मॅच. आणि तिसऱ्या मॅचला एकच ओव्हर टाकून बाहेर, बरगडीजवळचा स्नायू गेला. सीझनमधे एकूण ४ मॅच. तरी ऑक्टोबरमधे डायरेक्ट ग्वाल्हेरला इंडियाची कॅप, मधे एकही मॅच न खेळता! मग पाठ गेली, २०२५ च्या आयपीएलमधे दोन मॅच, त्यातल्या धरमशालाच्या मॅचला ४ ओव्हरमधे ६० दिले, स्पीड १४० च्या आसपास, आणि परत पाठ. तोवर फर्स्ट क्लास, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या मॅच किती, तर एक. आधी एक पूर्ण रणजी सीझन खेळवायला काय झालं होतं?

शॉर्टलेग: रणजी खेळला असता तर पाठ वाचली असती हे कोणी सांगितलं? तिथे पाटा पिचवर दिवसाला १८-२० ओव्हर टाकायला लावतात, टी-ट्वेंटीत २४ बॉल. आणि ग्वाल्हेरला त्याने काय वाईट केलं? पहिलीच ओव्हर मेडन, एकही रन नाही! अशी सुरुवात आधी अर्शदीपने केलेली, त्याच्याआधी आगरकरने, आणि तोच आगरकर तेव्हा सिलेक्शनचा चेअरमन. फास्ट बॉलर लवकरच खेळवायचा असतो. ऑस्ट्रेलियाचा कमिन्स १८ व्या वर्षी टेस्ट खेळला.

इनस्विंग_वेडा: अरे कमिन्स तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! २०११, जोहान्सबर्ग, मॅचमधे ७ विकेट, मॅन ऑफ द मॅच, त्याची जेमतेम चौथी फर्स्ट क्लास मॅच. पुढची टेस्ट कधी, तर मार्च २०१७, आपल्याच रांचीला. मधली पाच वर्षं पाठ नि बाकीची दुखणी.

शॉर्टलेग: आणि नंतर कॅप्टन होऊन वर्ल्डकप घेऊन गेला, ते सोयीस्कर विसरलास.

थर्डमॅन_काका: दोघं अर्धवट बोलताय. मी कॉलेजात फास्ट टाकायचो, एकोणिसाव्या वर्षी कंबरेत स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला पडलेली चीर) झालं म्हणून एवढं वाचलंय. कंबरेच्या मणक्याचं हाड पंचविशीपर्यंत पक्कं होत असतं आणि राइट आर्म बॉलरला चीर बहुतेक वेळा डाव्या बाजूला पडते. नुसत्या जास्त ओव्हर टाकल्याने घोळ होतो असं नाही, अचानक वाढल्या की होतो. चार महिने कमी बॉलिंग करून मग एकदम फुल ताकदीने २४ बॉल टाकले तर ते रोज थोडं थोडं टाकण्यापेक्षा वाईट. म्हणजे रणजी चांगली पण हळूहळू चढवत नेली तर, नाहीतर शॉर्टलेग म्हणतो ते खरं, तिथेच मोडला असता.

इनस्विंग_वेडा: काका, मी पण हेच म्हणतोय ना.

थर्डमॅन_काका: तू सिलेक्टर्सना शिव्या घालतोयस, ते वेगळं.

गुडलेंथ: मधे बोलतो, उमरान मलिक आठवतोय का? २०२२ च्या आयपीएलला २२ विकेट, १५७ चा बॉल, काश्मीर ते कन्याकुमारी सगळे वेडे. त्याची पाठ ठीक होती तेव्हासुद्धा २०२३ नंतर इंडियाच्या टीममधून गेला, कारण टप्पा नव्हता, बॉल हवा तिथे पडत नव्हता. स्पीडगनवरचा आकडा दिसला की आपलं डोकंच चालत नाही. मयंकचा टप्पा मात्र खरंच बरा होता, म्हणून जास्त जीव तुटतो.

शॉर्टलेग: बरं मग ग्वाल्हेरला घेतलाच नसता तर? इनस्विंग_वेडा, खरं सांग, "मयंकला का डावललं" असा धागा तूच काढला असतास.

इनस्विंग_वेडा: काढला असता. टायटल पण तेच दिलं असतं, हाहा. पण तेव्हा काका येऊन मला गप्प करायला हवे होते, दीड वर्षाने कसले येतायत.