ड्रुपल: त्र्यंबकच्या भक्तनिवासाची बुकिंग साईट, कोड स्वतः लिहू की तयार मॉड्यूल घेऊ?

सातपूरकर_डेव्ह
मंडळी, सल्ला हवाय. मी नाशिकमधूनच फ्रीलान्स करतो, सध्या त्र्यंबकेश्वरच्या एका भक्तनिवासाची साईट हातात आहे. ड्रुपल ११ (साईट बनवायची ओपन सोर्स सिस्टीम) घ्यायचं नक्की झालंय कारण मालकांना मराठी, हिंदी, गुजराती, इंग्लिश सगळं हवंय आणि भाषांतराची सोय कोअरमध्येच, म्हणजे मूळ सिस्टीममध्येच मिळते. गाडी अडलीये बुकिंगपाशी. त्यांच्याकडे येणारे बरेचसे लोक नारायण नागबलीसाठी येतात, म्हणजे पूजा तीन दिवसांची, ती पण मुहूर्त असेल तेव्हाच, आणि त्या तीन दिवसांत त्र्यंबक सोडून जायचं नसतं, त्यामुळे खोली, दोन्ही वेळचं जेवण आणि गुरुजी असं एकत्रच बुक व्हायला हवं. नुसते दर्शनाला येणारे एका रात्रीवाले वेगळे. तयार बुकिंग मॉड्यूल्स (ड्रुपलला वरून जोडायचे भाग) चाळली तर सगळी हॉटेलच्या हिशोबाने केलेली, कोणतीही तारीख घ्या, कितीही रात्री राहा. माझा ओढा सगळं स्वतः लिहायकडे आहे, बायको पण याच फील्डमध्ये आहे आणि ती म्हणते तयार घे, नंतर सांभाळणार कोण? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, वेळ फार नाही. तुम्ही अशा वेळी कसं ठरवता?

इंदिरानगर_वेब
वहिनींचं बरंचसं बरोबर आहे. पण "सगळं स्वतः" की "सगळं तयार" असा प्रश्नच घेऊ नका, काम आधी तोडून बघा. चौकशीचा फॉर्म, मेल, सुटसुटीत यूआरएल, सर्चसाठीचे टॅग, हे जगातल्या प्रत्येक साईटला लागतं, त्यासाठी वेबफॉर्म, पाथऑटो, टोकन, मेटाटॅग आहेत, वर्षानुवर्षं वापरून घासून गुळगुळीत झालेली. ते परत लिहिणं म्हणजे क्लायंटचे पैसे वाया. आज ज्याच्याशिवाय कोणी ड्रुपलमध्ये पान हलवत नाही ते व्ह्यूज (साईटवरच्या याद्या बनवणारं) सुद्धा आधी बाहेरचंच मॉड्यूल होतं, २०१५ ला ड्रुपल ८ आलं तेव्हा कोअरमध्ये घेतलं.

आता मुहूर्ताचं. मला शंका आहे की तुम्ही पंचांगाचं गणित कोडमध्ये बसवायचा विचार करताय. ते अजिबात करू नका. मुहूर्त गुरुजी काढतात, त्यांच्याकडे तारखांची यादी आधीच तयार असते. "मुहूर्त" नावाचा एक कंटेंट टाईप (माहिती भरायचा ठरावीक साचा) करा, त्यात सुरू होण्याची तारीख, पूजेचा प्रकार, किती कुटुंबं घेता येतील एवढी फील्ड्स, आणि ऑफिसातला माणूसच ती यादी भरेल. गुरुजींनी एखादा मुहूर्त रद्द केला तर तुम्हाला फोन यायची गरज नाही, तो तिथल्या तिथे काढून टाकेल. जे कोडचं काम वाटत होतं ते निघालं डेटा भरण्याचं. मग तुमच्या हाताने लिहायला उरतं एवढंच, की मुहूर्त निवडला की खोली सलग तीन दिवस अडकली पाहिजे आणि जेवणाची रक्कम माणशी लागली पाहिजे. हे मात्र स्वतःच लिहा, छोटं वेगळं मॉड्यूल करून, कारण हा नियम त्या भक्तनिवासाचा आहे, हॉटेलवाल्या मॉड्यूलला वाकवत बसलात तर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जाईल.

कॉलेजरोड_बॅकएंड
ताईंशी सहमत, पण मॉड्यूल फुकट मिळतं म्हणून फुकट पडत नाही हे पण लिहून ठेवतो. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे एक अपडेट आणि तो अपडेट करणारा कोणीतरी. ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ज्यांच्या साईटवर मॉड्यूल्सची रास होती त्यांना पुढे जाताना एकेक तपासत बसावं लागलं, नवीन व्हर्जनला हे आलंय का, नसेल तर त्याऐवजी काय. स्वतःचा कोड पण नव्याने लिहावा लागतोच म्हणा, पण तो का लिहिला होता हे निदान आपल्याला ठाऊक असतं.

घ्यायच्या आधी मी काय बघतो ते सांगतो. किती साईट्स वापरतात हा आकडा सगळे बघतात, मी इश्यू क्यू, म्हणजे त्या मॉड्यूलच्या तक्रारींची यादी उघडतो. बग किती आहेत याला फार अर्थ नाही, मोठ्या मॉड्यूलला असणारच. शेवटच्या काही तक्रारींना मेंटेनरने (मॉड्यूल सांभाळणाऱ्याने) उत्तर दिलंय का, कोणी पॅच (दुरुस्तीचा कोड) टाकला तर तो आत घेतला जातो का नुसताच पडून राहतो, ते बघा, त्यातच सगळं कळतं. दुसरं म्हणजे ड्रुपलच्या साईटवर प्रोजेक्टच्या पानावर ढालीचं चिन्ह. ढाल असेल तर ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमच्या ॲडव्हायझरी (सुरक्षेच्या सूचना) त्या मॉड्यूलला लागू, पण फक्त स्टेबल रिलीजला, अल्फा-बीटाला नाही. पैशांशी संबंध असलेल्या ठिकाणी ढाल नसलेलं मॉड्यूल मी घेत नाही, क्लायंटने कितीही घाई केली तरी.

आणि ॲडव्हायझरी आली की त्याच दिवशी हात लावायचा. ऑक्टोबर २०१४ ला कोअरमध्येच एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून डेटाबेसला हुकूम घुसवता येण्याचं) भोक सापडलं होतं, तेव्हा सिक्युरिटी टीमने सरळ सांगितलं की सात तासांत पॅच केला नसेल तर साईट गेलीच असं धरून चाला. सगळे वापरतात तो कोड चोर पण वाचतात. उलट आपल्या कोडमधलं भोक मात्र आपल्याला कोणी ॲडव्हायझरीसारखं बुधवारी मेल करून सांगत नाही, ते आपल्यालाच शोधायचं.

पंचवटी_फुलस्टॅक
वर एक गोष्ट राहिली, डबल बुकिंग. मुहूर्ताला शेवटची एकच खोली उरलीये, सुरतचं एक कुटुंब आणि जळगावचं एक कुटुंब दोघांनी एकाच वेळी "बुक करा" दाबलं. तुमचा कोड आधी बघतो खोली रिकामी आहे का, दोघांनाही "हो" मिळतं, दोघांचेही पैसे कटतात. मग पूजेच्या दिवशी काउंटरवर आजी-आजोबांसकट दोन घरं उभी, आणि तीन दिवस राहायचंय. त्यामुळे पेमेंटला पाठवायच्या आधी खोली थोडा वेळ धरून ठेवायची, ते धरताना ड्रुपलची लॉक सर्व्हिस (एका वेळी एकालाच आत सोडणारी) वापरा आणि डेटाबेसमध्येही खोली अधिक तारीख यावर युनिक की (तीच जोडी दोनदा न घेणारा नियम) टाका, म्हणजे कोड चुकला तरी दुसरी एंट्री बसणारच नाही. वेळ संपली की क्रॉनने (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामाने) खोली सोडा.

पेमेंट पक्कं झालं हे ब्राउझर परत आला यावर ठरवू नका, त्र्यंबकला गर्दीत नेटवर्क जातं, माणूस पैसे भरतो आणि पान उघडतच नाही. पेमेंट गेटवेचा वेबहुक (त्यांच्या सर्व्हरकडून थेट येणारा निरोप) घ्या, त्यावरची डिजिटल सही तपासा, आणि तोच वेबहुक दोनदा आला तरी पावती एकच फाटेल असं करा. कार्डाचे आकडे स्वतःच्या फॉर्मवर घ्यायच्या भानगडीत मुळीच पडू नका.

सातपूरकर_डेव्ह
खूप आभार सगळ्यांचे. पंचांगाचं तर खरंच कोडमध्येच घालणार होतो, ते बाजूला ठेवलं. मग असं करतो: फॉर्म, भाषा, पेमेंट तयार, मुहूर्त कंटेंट टाईप, आणि खोली अडकवण्याचं मॉड्यूल माझं. एक विचारायचं राहिलं, पेमेंटच्या मॉड्यूलमध्ये पावतीवर मराठी नाव नीट येत नाहीये, त्या फाईलमध्येच दोन ओळी बदलल्या तर चालेल का?

कॉलेजरोड_बॅकएंड
नको भाऊ. पुढच्या कंपोझर (मॉड्यूल्स आणणारं-अपडेट करणारं टूल) अपडेटला त्या ओळी पुसल्या जातील आणि कोणाला कळणारही नाही. आधी बघा हुकने किंवा इव्हेंट सबस्क्रायबरने (दुसऱ्याच्या कोडला हात न लावता त्यात आपलं काम जोडायच्या सोयी) तुमच्या मॉड्यूलमधून काम होतंय का. नसेल होत तर पॅच फाईल करा, कंपोझरमधून लावा आणि तीच इश्यू क्यूमध्ये पण टाका. देवनागरी नावाचा प्रॉब्लेम आहे म्हणजे हिंदीवाल्यांना, नेपाळीवाल्यांना पण येत असणार, मेंटेनरने आत घेतली की तुमच्या डोक्याचा ताप पण गेला.

इंदिरानगर_वेब
आणि रेपो (कोड ठेवायची जागा) पहिल्या दिवसापासून भक्तनिवासाच्या नावाने उघडा, तुमच्या नाही. रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये) तीन दिवसांचा नियम मराठीत लिहा, आणि ती पॅच कशासाठी लावलीये ते पण. ऐन सिंहस्थात तुम्ही आजारी पडलात तर दुसरा कोणी उघडून वाचू शकला पाहिजे.