ओकमध्ये मुरवलेली बेल्जियन पेल एल: खराब निघाली का?

फेसाळ: एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची बेल्जियन धाटणीची पेल एल बिअर परवा उघडली. लेबलवर 'ओकच्या पिंपात मुरवलेली' एवढंच. किती महिने, कसलं पिंप, काही पत्ता नाही. रंग तांबूस सोनेरी, जरा गढूळ, फेस दाट. पहिल्या घोटाला व्हॅनिला आणि ओलं लाकूड, बाकी काही लागेचना. वैतागून ग्लास बाजूला ठेवला. बऱ्याच वेळाने परत उचलला तर जुन्या चामडी बॅगेचा वास, शेवटी हलकी आंबूस चव आणि जीभ एकदम कोरडी. बिघडली होती का? अजून एक बाटली शिल्लक आहे.

पिंपातला_बेडूक: बिघडली कसली, तेव्हा कुठे बोलायला लागली! फ्रिजमधून काढल्या काढल्या असली बिअर पिऊच नये. थंडीत वास दबतात आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. १०-१२ अंशांवर येऊ द्या.

व्हॅनिला ओकमधल्या व्हॅनिलिनचा. खोबऱ्यासारखा वास आला असता तर तो ओकमधल्या लॅक्टोनचा. अमेरिकन ओकमध्ये तो जास्त. चामडं मात्र लाकडाचं नव्हे, ते ब्रेटॅनोमायसेस, थोडक्यात ब्रेट, या यीस्टचं काम. हे लाकडाच्या छिद्रांत घर करतं, पिंप धुतलं तरी हटत नाही. नेहमीच्या यीस्टने सोडून दिलेल्या साखरेवर ते सावकाश ताव मारतं, म्हणून तो कोरडेपणा. खात्री करायची तर शेजारी ऑर्व्हाल ही बिअर ओतून बघा. बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट भिक्षूंच्या मठातली, ६.२ टक्के अल्कोहोलची. तिच्यात ब्रेट बाटलीत भरताना घालतात, पिंपाचा संबंध नाही. चामडं दोन्हीकडे सापडेल, व्हॅनिला फक्त तुमच्या ग्लासात.

माझं विचाराल तर पेल एलला ओकचं कोरं पिंप झेपत नाही. स्टाउट या काळ्या बिअरचा भाजका माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लाकडाशी दोन हात करतो, इथे बिचाऱ्या बिस्किटी माल्टचा आवाजच किती! आधी वाइन वगैरे मुरवून थकलेलं जुनं पिंप असेल तर जमतं.

कडू_जीभ: थोडं थांबा. अँटवर्पची डी कोनिंक ही पेल एल प्यायलात तर कळेल, बेल्जियन पेल एलमध्ये ब्रेट असायलाच हवं असं काही नाही. लेबलवर उल्लेख नसेल तर ते मुद्दाम घातलं की पिंपातून आगंतुक आलं, कसं ओळखणार? मी तरी ब्रुअरीला विचारलं असतं. आणि व्हिनेगरचा झणका किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास होता का? तसं असेल तर हवा शिरली. ती सरळ बेसिनमध्ये ओता.

फेसाळ: नाही, तसलं काही नव्हतं. आंबूसपणा अगदी शेवटी, लिंबाच्या सालीइतका. दुसरी बाटली वर्षभर ठेवू का?

पिंपातला_बेडूक: हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं, आवडत असतील तर आत्ताच प्या, त्यांचा वास आधी उडतो. चामडं आवडलं असेल तर ठेवा, पण थंड, अंधाऱ्या जागी आणि उभी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ब्रेट बाटलीतही खात राहिलं तर गॅस वाढतो. उघडताना ग्लास हाताशी ठेवा आणि स्वतः बेसिनपाशी उभे राहा.