१० मीटर एअर पिस्टल: ६०० पैकी सरावात ५४५, स्पर्धेत ५१९. ट्रिगर बदलला की मीच बिघडलो?

नमस्कार मंडळी. वय ४१, बँकेत नोकरी, उजव्या हातानं मारतो. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मारलं, तेव्हा आमच्या ब्रँचमध्ये काउंटर सोडून सगळे मोबाईलला चिकटलेले. महिन्याभरात मी रेंजवर. (तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात राहून इतकी वर्षं रंकाळ्यावर भेळच खाल्ली. असो.)

परवा पहिली मोठी स्पर्धा होती. तपासणीत ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उभं उचललं, तर वजन टेबलावरून सुटायच्या आधीच खट्! फेल. मागं रांगेत शाळेतली पोरं, त्यातलं एक हसलं पण. तिथल्या एकानं स्क्रू आवळून दिला, तेव्हा तिसऱ्या वेळी पास. पिस्तूल सेकंडहँड घेतलंय आणि ट्रिगर मी कधी तपासलाच नव्हता. म्हणजे इतके दिवस हलक्यावरच सराव!

साईटिंगची (मॅचआधीच्या सरावाच्या शॉटची) १५ मिनिटं अंदाज घेण्यातच गेली. मॅचमध्ये शॉट सारखे सात-आठ वाजता (टार्गेटला घड्याळ धरलं तर खाली डावीकडे). ३० शॉटनंतर वैतागून साईटच्या स्क्रूच्या क्लिक वर-उजवीकडे दिल्या, तर जे शॉट हातातून गोड सुटले तेच दोन वाजता जायला लागले. चौथी सिरीज (दहा शॉट) ८३. घरी भिंतीसमोर ड्राय (गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबणं) करताना माशी (नळीच्या टोकाची साईट) जरासुद्धा हलत नाही. मग रेंजवर काय होतंय? क्लिक ठेवू का परत फिरवू?

उत्तर:
भावा, गोड सुटलेले शॉट दोन वाजता गेले, म्हणजे साईट आधीचीच बरोबर होती. बाकीचे तू ओढत होतास. क्लिक परत फिरव. ट्रिगर ५१०-५२० ला लाव. बरोब्बर ५०० ठेवलास तर परत अडकशील. आणि पंधरा दिवस टार्गेट उलटं लाव, कोरी बाजू पुढं. दहाचा गोल जेमतेम ११.५ मिलिमीटर, टार्गेटच्या काळ्या गोलाखाली माशी जरा स्थिर दिसली की माणूस 'आत्ता!' म्हणून बोट मारतो. घरच्या भिंतीवर काळं नाही, म्हणून तिथं तू शहाणा. दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घे. तू धरून बसत असणार.

धागाकर्ता:
बसतो की! हात थरथरला तरी सोडवत नाही. बरं, घरी तपासायला वजन कुठलं घेऊ?

उत्तर:
किराणावाल्याकडचं अर्ध्या किलोचं लोखंडी माप घे, त्याला तारेचा आकडा कर. आकड्यासकट काट्यावर ५१० भरलं की झालं. आत गोळी नाही हे दोनदा बघ, मगच ट्रिगरला अडकव.